आधी आवाज द्यावा

सापगावच्या आमच्या विहिरीने उन्हाळ्यात तळ दाखवला, तेव्हा ती खोल करायला मुरबाडकडचा एक म्हातारा आला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोर धरून तो तळाशी उतरला, डोक्याचा पंचा सोडून पुन्हा बांधला आणि पहारीने खडकावर दोनदा हळूच ठोकून म्हणाला, "सरा रे बाजूला, आमी येतोय."

"कोणाला सांगताय बाबा?" मी वरून विचारलं.

"राहात असंल कोनतरी. दगड हाय म्हून काय झालं?"

दुपारी जेवताना मी त्याला सांगितलं की, ऊनही पोचत नाही अशा खोल खडकात डोळ्यांना न दिसणारे जीव खरंच राहतात. तसं कोणी मंगळ ग्रहावर कधी होतं का, ते शोधायला एक यंत्र तिथला खडक पोखरतंय. त्याला याचं काही नवल वाटलं नाही. भाकरीचा तुकडा हातातच धरून त्याने काळजीने विचारलं, "भोक पाडायच्या आधी आवाज देतं का ते?"

पुढे विहिरीला पाझर फुटला आणि तो निघून गेला. अजूनही मंगळाची बातमी लागली की, त्या यंत्राच्या वतीने मी टेबलावर दोनदा हळूच ठोकतो.