साडभाऊंची लाल रेघ

ती लाल रेघ मीच पुसली, हे आधी कबूल करतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही माझ्या साडभाऊंनाच हसाल. दुसऱ्यांच्या पोरांच्या उंचीची त्यांच्याएवढी काळजी वाहणारा माणूस सगळ्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतः जेमतेम पाच फूट. पवनारला आमच्या शेजारीच राहतात, कापूस-तूर पिकवतात, आणि दर पौर्णिमेच्या सकाळी गल्लीतली पोरं आपल्या दाराच्या चौकटीला उभी करून मोजतात. सकाळीच, कारण दिवसभरात माणूस किंचित दबतो हे त्यांना पक्कं ठाऊक. टाचा चिकटलेल्या हव्यात, पोरींनी वर बांधलेले केस सोडायचे, मग डोक्यावर लाकडी पट्टी आणि पेन्सिलीची खूण. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना भिंतीशी उभं केलं. पुढे होणारी लेकरं कुठवर जातील याचा अंदाज हवा होता. उंची वाढवायची पावडर विकणारा गावात आला, तर याने आधी आपल्या पोरांना मोजायला आणावं, असा त्यांचा आग्रह. तो पुन्हा फिरकला नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची. व्हॉलीबॉलच्या शिबिराला उंचीची अट होती आणि आम्ही नवराबायको दोघंही बुटके. आमच्या रक्तातच नाही तर येणार कुठून, असं मी म्हटलं. साडभाऊ चिडले. "मायबापाकडून जेवढं आलं तेवढं तं पुरं घेऊ दे तिले. अर्ध्यातच काऊन थांबवून राह्यला?" तीन वेगवेगळ्या टेपांनी मोजून त्यांनी चौकटीवर त्या अटीची लाल रेघ ओढली आणि कामाला लागले. रोज दूध, अंडं, घट्ट वरण; संध्याकाळी खेळ; नऊ वाजता मोबाइल त्यांच्या घरी जमा. पोट्टे झोपेत वाढते, असं म्हणत ते आमचा दिवा स्वतः मालवून जात. मी पेपर वाचत असलो तरी.

दोन पौर्णिमा खूण हलली नाही. पोरगी जेवणावरून रडत उठू लागली, ते मला बघवेना. साडभाऊ शेतात गेले असताना मी रेघ पुसली आणि बोटभर खाली नवी ओढली. पुढच्या पौर्णिमेला तिचं डोकं रेघेला टेकलं. साडभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले. आता गाठलंच, म्हणून पोरीने दूध सोडलं, मोबाइल परत आणला, जागू लागली.

शिबिरात ती बोटभर कमी भरली. साडभाऊंनी घरी येऊन चौकट मोजली, रेघ खाली निघाली, आणि चूक आपल्याच हातची समजून त्यांनी पट्टी माळ्यावर टाकली. पौर्णिमेला पोरं आली. "मी म्हातारा झालो," असं सांगून त्यांनी ती परत पाठवली. तरी मी दोन महिने गप्प राहिलो.

मग एका सकाळी, आज सांगितल्याशिवाय चहाही घ्यायचा नाही असं ठरवून, मी मुलीला घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. "भाऊजी, तुमची रेघ बरोबर होती. म्याच पुसली, म्याच खाली आणली."

त्यांनी मुलीकडे बोट केलं. "मले काय सांगतं," ते म्हणाले. "माह्यं काय गेलं? वाढायचे दिवस तिचे गेले."

मी मुलीकडे वळलो. "बाई, तू वाढशील असं मले वाटलंच नाई, म्हणून रेघ खाली घेतली. चुकलं माह्यं. माफ कर तुह्या बापाले."