एक साईज मोठी

सायकलच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न उंचीचा विचारला, आणि मी म्हणालो, "पाच फूट आठ."

ही काही ठरवून मारलेली थाप नव्हती. कॉलेजात असल्यापासून मी हाच आकडा सांगत आलोय. इतक्या वर्षांत कुणी टेप लावून बघितला नाही, त्यामुळे माझाही त्यावर विश्वास बसला होता. दुकानदाराने मला बुटांपासून केसांपर्यंत एकदा न्याहाळलं.

"सर, एक साईज लहान बघता का? नुसतं बसून तरी बघा."

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. पन्नाशी उलटली आहे, रक्तात साखर सापडल्यावर डॉक्टरांनी सायकल सुचवली. अशा वयात 'लहान साईज' हे शब्द कानाला गोड लागत नाहीत. शिवाय समोर एक काळी, उंच, रुबाबदार सायकल भिंतीला टेकून उभी होती.

"हीच द्या," मी म्हणालो.

भिंतीला टेकून ती खरंच छान दिसायची. पुढचे काही महिने माझ्या घरीही ती भिंतीला टेकल्यावरच छान दिसली.

अडचण सुरू झाली ती थांबताना. सीट पार खाली घेतली तरी माझे जेमतेम अंगठे टेकत, आणि सीटवरून पुढे उतरायला जावं तर मधली दांडी भलत्या जागी भेटायची. म्हणून मी फुटपाथ बघून थांबायला लागलो. साताऱ्यात कुठे किती उंचीचा फुटपाथ आहे हे आता माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. पोवई नाक्याला एका सकाळी टेकायला काही मिळालं नाही, तेव्हा कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा चेहरा करून मी तिथेच गोल गोल फिरत राहिलो.

मग हात दुखायला लागले. हँडल इतकं लांब होतं की ते धरताना ओसरीवर सांडलेले शेंगदाणे गोळा करतोय असं वाटे. मनगटांवर सगळं अंग पडायचं. वर्गात फळ्यावर कृष्णेचं खोरं काढताना करंगळीला मुंग्या यायच्या आणि नदी भलतीकडेच वळायची.

सायकल मोठी आहे हे मान्य करण्याऐवजी मी तिचे सुटे भाग बदलायला घेतले. सीट पुढे सरकवली, तर गुडघे कुरकुरले. हँडल आणि फ्रेम जोडणारा जो तुकडा असतो, तो आखूड आणून बसवला. मग हँडलच वर उचललं. त्यानंतर एक रुंद, गुबगुबीत सीट आणली. ती हातानं दाबून बघायला फार सुंदर होती, पण बसून पेडल मारायला लागलं की मांड्या घासून निघायच्या. ती काढून मधे खाच असलेली अरुंद सीट आणली. त्या खाचेचा उपयोग काय हे मी बायकोला बराच वेळ समजावून सांगितलं.

ती सगळं ऐकून म्हणाली, "अहो, पण तुम्ही उभ्याने का जेवताय?"

या सगळ्यात मी गप्प बसलो असतो तरी ठीक होतं. पण स्टाफरूममध्ये मी सायकलतज्ज्ञ झालो होतो. "शरीराला सवय व्हावी लागते," असं मी मुंग्या आलेली बोटं चोळत सहकाऱ्यांना सांगायचो. त्याच भरात एकदा बोलून गेलो की दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला दादाकडे सायकलवर जाणार आहे.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेत होता, सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि सांगलीत स्थायिक झाला. आमचं मूळ गाव वडूजकडचं. दादाची बोली अजूनही तिकडचीच, मधून मधून फौजी हिंदीची फोडणी.

उजाडता उजाडता निघालो. कराड येईपर्यंत मान वळेनाशी झाली होती आणि ब्रेक दाबायचा तर बोटं माझी असल्याचं कळेना. एका चहाच्या टपरीपाशी, अर्थातच कट्टा बघून, मी उतरलो. शेजारी सांगलीला बेदाणा भरायला निघालेला रिकामा टेंपो उभा होता. ड्रायव्हर आपणहून जवळ आला.

"काका, पंक्चर झाली का?"

"नाही."

"मग चेन?"

"सायकल ठीक आहे," मी म्हणालो. "मीच पंक्चर झालोय."

त्याने हसतहसत सायकल मागे चढवली आणि मला पुढे बसवलं. त्याच्या टेंपोची फाटकी, स्पंज बाहेर आलेली सीट ही त्या वर्षातली माझी सर्वांत सुखाची बैठक होती.

दादाच्या दारात उतरलो तेव्हा तो आणि वहिनी दोघंही बाहेर आले. दादाने आधी मला बघितलं, मग सायकलला, मग पुन्हा मला.

"ही कुणाची रं?"

"माझीच."

"तुझी? बस बघू."

बसलो. दादाने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग आत जाऊन स्टीलचा टेप घेऊन आला. "बूट काढ. टाचा भिताडाला लाव. सीधा खडा रह." मी नकळत श्वास ओढून छाती काढली. दादाने डोक्यावर पुस्तक ठेवून पेन्सिलीने खूण केली आणि टेप लावला.

"पाच फूट पाच. वर एक सूत."

"नीट बघ, दादा."

"नीटच हाय. लय वाईट वाटलं व्हय?"

वाटलं होतं. मी कॉलेजात जायच्या आधी दादा आणि मी एकाच सकाळी भरतीला गेलो होतो. तो उंचीच्या पट्टीखालून पार झाला आणि मला बोटभर कमी पडलं म्हणून बाजूला काढलं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. आता भिंतीला टाचा लावूनच मी म्हणालो, "भरतीत दुसऱ्यांदा नापास."

दादा हसला नाही. टेप गुंडाळत म्हणाला, "तवा मला बरं वाटलं हुतं, गड्या. दोघंबी गेलो असतो तर आई-आबांजवळ कोण हुतं?"

मी बूट घालत बसलो.

तेवढ्यात अंगणातून घंटी वाजली. वहिनी सायकलवर बसली होती. लग्नाच्या फोटोत फेट्याची उंची धरून दादाची तिच्याशी बरोबरी होते, इतकी वहिनी उंच. शिराळ्याला शाळेत असताना ती भावाची सायकल पळवायची म्हणे, पण लग्नानंतर सायकलवर बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. एक पाय सहज जमिनीवर टेकून थांबली. फुटपाथ नाही, कट्टा नाही, नुसता पाय.

"भावजी, सायकल झ्याक हाय," ती म्हणाली. "तुमची न्हाई एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी सीट वर उचलली, हँडल मूळ जागी आणून ठेवलं. सायकल सांगलीतच ठेवून एसटीने साताऱ्याला आलो. बायकोने दार उघडून माझ्यामागे पाहिलं.

"सायकल कुठाय?"

"तिला तिचं माणूस मिळालं," मी म्हणालो.

मग त्याच दुकानात गेलो. "पाच फूट पाच," मी न विचारताच सांगितलं. वरचं सूतही सांगितलं. दुकानदाराने चेहऱ्यावर काही न दाखवता एक लहान फ्रेम काढली. मी बसलो आणि दोन्ही पाय टेकले. कोपरं जराशी वाकली, खांदे खाली आले. मला वाटलं होतं मी विदूषक दिसेन. काचेत एक साधा, सायकलवर बसलेला माणूस दिसला.

आता यवतेश्वरच्या घाटात मी दमतो, पण दुखत काहीच नाही. वहिनी रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येते आणि दादा तिच्यामागे स्कूटरवरून "हळू, हळू" करत जातो, असं फोनवर कळतं.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, मलाही सायकल हवी. मी लगेच सुरू झालो, "हे बघ, त्याचं असं असतं, आधी मांडीपासून तळव्यापर्यंतचं माप—"

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली.

दुकानाबाहेर तिची पर्स धरून मी उभा राहिलो. आत ती एकेका सायकलवर बसत होती, उतरत होती, मान हलवत होती. फारच वेळ लागला. मला आत जाऊन सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी शेजारच्या गाड्यावर जाऊन उसाचा रस घ्यावा, की रक्तातली साखर आठवून घेऊ नये, या विचारात तिथेच थांबलो.