नानांची पट्टी घेऊन भुसावळला

शुक्रवारी उजाडायच्या आत बैलगाडीत बसले तेव्हा मांडीवर सहा महिन्यांची शेवंता, शेजारी भाकरीचं गाठोडं. आमचं गाव पांझरेच्या काठाला, धुळ्यापासून दोन कोस. धुळ्याच्या पुढं मी कधी गेले नव्हते, आणि जायचं होतं भुसावळला, एकटीनं, तेही लढाईच्या दिवसात. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, परत आल्यावर सगळं सांग, म्हणून लिहिते. शाळा तिसरीपर्यंतच झाली, सांभाळून घ्या.

झालं असं की भुसावळहून पत्र आलं. आमचे हे तिथं रेल्वेत हंगामी खलाशी (इंजिनाच्या शेडमधले मदतनीस), पण खलाशाचं काम नावाला. साहेबानं त्यांना ठेवलं ते फुटबॉलसाठी. दोन खांबांच्या मधे उभं राहायचं आणि चेंडू आत जाऊ द्यायचा नाही, त्याला तिथं गोलकी म्हणतात, आणि पगार त्याचाच. पत्र ह्यांचं नव्हतं, खोलीतल्या रामदासभाऊंचं होतं, तेही त्याच संघात खेळतात. लिहिलं होतं, सोजिराच्या (गोऱ्या शिपायाच्या) बुटाखाली उजव्या हाताची दोन बोटं मोडली. रविवारी त्याच सोजिरांशी सामना आहे, साहेब बघायला येणार, हे उभे राहिले तर नोकरी कायम होईल, नाहीतर दुसरा गोलकी आणतील. हे म्हणतात उभा राहणारच. वहिनी, तुम्ही काहीतरी करा.

मी काय करणार, मी आधी रडले. मग सासूबाई मला नानांकडे घेऊन गेल्या. नाना आमच्या गावचे हाड बसवणारे, माणसाचं बसवतात आणि बैलाचंही. त्यांनी मैदालकडी, उडदाचं पीठ आणि सातपुड्यातला धावड्याचा डिंक फडक्यात बांधून दिला, बांबूच्या कामट्या दिल्या, कसं बांधायचं ते माझ्याच हातावर दाखवलं. म्हणाले, "वाळनी का लाकूड व्हई जास. पंधरा दिन हात लावू नको. मग मीच सोडसू." (वाळली की लाकूड होते, पंधरा दिवसांनी मीच सोडीन.)

ते ऐकून माझ्या मनात जे आलं ते आत्ताच सांगून टाकते. ठरवलं, पट्टी निघत नाही हे ह्यांना सांगायचंच नाही. गुपचूप पट्टी बांधायची, मग बघू कसे उभे राहतात. नोकरी गेली तर गेली, हात तर राहील, मोडक्या हाताला नांगरही धरता येत नाही.

धुळ्याची गाडी चाळीसगावला संपते. तिथं उतरले तर फलाटावर नुसते सोजिरच सोजिर, लालबुंद, बसलेले, लोळलेले, एकाचे बूट माझ्या पायाशी, एवढे मोठे, आणि मला ह्यांची बोटंच दिसायला लागली. मी पळत सुटले ती भुसावळच्या गाडीत पुरुषांच्याच डब्यात चढले. सगळे बघायला लागले, शेवंतानं भोकाड पसरलं. मागून एका म्हातारीनं पदर धरून मला खाली ओढलं आणि बायकांच्या डब्यात नेऊन बसवलं. सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या.

"कथी चालनी वं माय?" (कुठं निघालीस?)

"भुसावळला."

"तठे कोन शे?" (तिथं कोण आहे?)

"आमचे हे."

"काय काम करतस?"

"चेंडू अडवतात."

"आनि पगार?"

"त्याचाच."

अक्कानं माझ्याकडे बघितलं, मग सगळ्या डब्याकडे. "सरकारनी अक्कल दखा. मना आंडोर दिनभर ढोरे अडावस, त्याले कोनी काही देत नही." (सरकारची अक्कल बघा. माझा मुलगा दिवसभर गुरं अडवतो, त्याला कोणी काही देत नाही.)

डबाभर बाया हसल्या, मी पण हसले. अक्का पाचोऱ्याला उतरली, तिथं जामनेरची बारकी गाडी उभी होती, खेळण्यातली वाटावी अशी. मी खिडकीतून बघत राहिले तोवर आमची सुटली. कडेला कापूस वेचून झालेली शेतं, मग जळगाव जवळ आलं तशा केळी, हिरव्यागार, उन्हात बघून डोळे थंड होतात. जळगावला एक केळीवाली चढली. तिनं पानात भरीत आणलं होतं, पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याचं, त्याला धुराचा वास. माझ्या भाकरीवर तिनं न विचारता भरीत घातलं. "खाय वं बाई, लेकराच्या मायनं उपाशी राहू नाही." आम्ही घरी भरीत करतो, पण हे खाताना मला वाटलं आपण नुसतं वांगं भाजत होतो.

भुसावळ म्हणजे काय सांगू. बाजारात म्हशी बांधाव्या तशी इंजिनं ओळीनं उभी आणि सगळी फुरफुरत होती. शेडच्या दारावर पहारेकऱ्यानं विचारलं, कोण पाहिजे. आता नाव कसं घेणार. म्हटलं, "गोलात उभे राहतात ते."

तो आत तोंड करून म्हणाला, "अरे, गोलकीच्या घरचं माणूस आलं." शेडमधली दहा-बारा माणसं बाहेर आली मला बघायला. गावात ह्यांना कोणी विचारत नव्हतं, आणि इथं हे गोलकी.

हे सर्वात शेवटी आले, उजवा हात पाठीमागे. "तू कशाला आलीस?"

मी हात ओढून पुढं घेतला. दोन्ही बोटं काळी-जांभळी, सुजून एक झालेली. ह्यांनी डाव्या हातानं शेवंताला उचललं आणि तिच्याकडेच बघत राहिले.

शनिवारी दुपारी मी डिंक भिजवला. हे म्हणाले, "उद्या गरम पाण्यानं निघेल ना? सामना आहे."

"निघेल," मी म्हटलं, आणि वर बघितलंच नाही. ह्यांनी फडक्याचा वास घेतला आणि हात पुढं केला. मी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बांधला.

रविवारी सकाळी तीन घमेली गरम पाणी झालं. रामदासभाऊंनी चाकूच्या मुठीनं ठोकून बघितलं. पट्टी हललीसुद्धा नाही. मी चुलीकडे तोंड करून बसले, आता ओरडतील, आता ओरडतील. हे एवढंच म्हणाले, "चला, उशीर होतोय."

मैदानाला कडेनं कडुलिंबाची झाडं, त्याखाली साहेब लोकांच्या खुर्च्या. मी शेवंताला दुपट्यात गुंडाळून गोलाच्या मागं उभी राहिले. सोजिर बूट घालून, आमचे बठ्ठे (सगळे) अनवाणी. पंच गोरा होता. त्यानं ह्यांच्या पट्टीवर दार वाजवावं तसं टकटक केलं आणि मान हलवली. रामदासभाऊ म्हणाले, "हे लाकूड कोणाला लागेल म्हणतो. असं उभं राहता येणार नाही."

मला हवं होतं तेच झालं. पण ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दूध अर्धवट सोडवल्यावर शेवंता बघते ना, तसं. माझे पाय कसे निघाले मला कळलं नाही. एवढ्या माणसांतून, पदर घसरलेला, मी मैदानात गेले. सासूबाईंनी शिवलेलं ते दुपटं, जुन्या लुगड्यांचं, चार पदरी, शेवंताच्या अंगावरून काढलं आणि पट्टीवर गुंडाळून गाठ मारली. पंचानं दाबून बघितलं, हसला, आणि शिट्टी वाजवली.

पहिला चेंडू आला तो ह्यांनी दुपट्यानंच असा हाणला की पार मधोमध गेला. लोक उठून उभे राहिले. झेलता येत नव्हतं, हे नुसते ठोसे मारत होते, एकदा डोक्यानं, एकदा पडून छातीनं. मी शेवंताला इतकी घट्ट धरली की ती रडली. अगदी शेवटाला एक चेंडू उजवीकडून खालून आला, सरपटत. त्याला बोटं पाहिजे होती. दुपट्याला लागून तो हळूच आत गेला.

एका गोलानं हरलो. साहेब आले, इंग्रजीत बोलले, रामदासभाऊंनी सांगितलं, "हात बरा करून ये म्हणतात, तोवर दुसरा आणत नाही. कायमचं पुढच्या हंगामात बघू." म्हणजे गेलं पण नाही आणि मिळालं पण नाही.

पट्टी नानांशिवाय सुटणार नाही, म्हणून ह्यांना रजा मिळाली. सोमवारी आम्ही तिघं एकाच गाडीनं निघालो. जळगाव गेल्यावर मी सांगून टाकलं, की मला माहीत होतं ती निघणार नाही.

"मलाही," हे म्हणाले. "आमच्या ढवळ्या बैलाचा पाय नानांनीच बांधला होता. त्या डिंकाचा वास मी विसरेन?"

"मग हात पुढं का केला?"

पाचोऱ्याला ह्यांनी शेवंताला नीट मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "भीती वाटत होती. त्या बुटाची."

मला वाटत होतं आमच्या घरात भित्री मी एकटी. शेवंता ह्यांच्या पट्टीवर डोकं ठेवून झोपली होती, लाकडावर झोपावं तशी, आणि मी तिच्यावर दुपटं घातलं. त्यावर मैदानाची माती होती, ती मी झटकली नाही.

पंधराव्या दिवशी नानांनी कोमट तेल सोडून सोडून पट्टी काढली. एक बोट सरळ निघालं. दुसरं दाबून नाना म्हणाले, "हाई वाकडंच ऱ्हाई." (हे वाकडंच राहील.)

हे अंगणात गेले, हात उघडून मिटून बघितला. मी वांगी चिरायला बसले होते. म्हणाले, "एक फेक इकडे."

मी हळूच टाकलं. झेललं.

"असं नाही. जोरात."

मी दुसरं घेतलं, उभी राहिले, पदर खोचला, आणि जोरात फेकलं.