सरूबाईला मी दिलेला धीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, पण जरा अडखळत. चालेल ना?

अहमदपुरात दातांचा डॉक्टर म्हणजे मी एकटाच होतो. मग मिलिंद आला, माझ्याच कॉलेजातला ज्युनिअर, आणि त्यानं माझ्या दवाखान्यासमोरच पाटी लावली. तो बौद्ध घरातला, मी पाटलांचा. लोक माझाच जिना चढणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्यात दुष्काळ. माझा बोअर आटला, त्याच्या बोअरला पाणी. पेशंटनं चूळ भरायला तांब्या घरून आणावा, असं मी सांगत होतो — आणि समोर तो बायकांच्या घागरी भरून देत होता. मग पेशंट तिकडे का नाही जाणार? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

भाजी विकणारी सरूबाई त्याच्याकडे दाढेला कॅप बसवायला गेली. बसवताना ती कॅप त्याच्या हातून निसटली, बाईला ठसका लागला आणि कॅप घशात गेली. त्यानं काही लपवलं नाही. पोटात गेली की छातीत, हे छातीचा फोटो काढल्याशिवाय कळणार नाही, आजच लातूरला जा, असं बजावलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, मोठा दवाखाना तिथंच. पण त्या दिवशी गल्लीत टँकर येणार होता आणि तिच्या घरी पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून ती मला विचारायला आली — तुम्ही जुने डॉक्टर, जायलाच लागतं का?

ती खोकत होती. कॅप छातीत गेलीय, हे मला कळलं होतं — हो, कळलं होतं. पण 'जा' म्हणायचं म्हणजे मिलिंद बरोबर आहे म्हणायचं. ते माझ्या तोंडून कसं निघावं? मी हसलो. म्हणालो, "नवा पोरगा आहे, उगाच घाबरवतोय. पोटात गेली असंल, पडून जाईल. केळी खा."

पुढे कित्येक महिने ती खोकत राहिली. टीबी समजून औषधं झाली. शेवटी नांदेडला कॅप निघाली, पण फुफ्फुसाचा सडलेला तुकडाही कापावा लागला. गावानं मिलिंदला धरलं. 'मी तिला लातूरला जा म्हणालो होतो,' असं तो सांगत राहिला. कॅप त्याच्या हातून पडली, एवढं लोकांना पुरे होतं. मी काय सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही. तो पाटी उतरवून बिलोलीला गेला. मला आनंद झाला — तोही सांगायलाच हवा.

मग सरूबाई माझ्याकडे येऊ लागली. जिन्यात मध्येच दम खात बसायची. एकदा खुर्चीत टेकत म्हणाली, "त्यानं तर जीवच घेतला असता, साहेब. तुमीच तवा धीर दिला. लई उपकार हाईत."

मी तिला तोंड उघडायला सांगितलं.