महिपत गोताडचा न आटपणारा गण

१९८६ च्या उन्हाळ्यात रत्नागिरीतल्या एका रसिक मंडळाला साक्षात्कार झाला, की महिपत गोताड आपल्या गावात गेली पंचवीस वर्षं गातो आहे. तसं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ठराव होणं वेगळं. ठराव झाला. शाल, श्रीफळ, मंगल कार्यालय, संध्याकाळी पाचची वेळ.

महिपत दिवसा लाकडाच्या वखारीत फळ्या कापायचा आणि उरलेल्या वेळात ज्याला लागेल त्याला आवाज द्यायचा. सुरुवात झाली ती करबुडे गावच्या जाखडीत, म्हणजे गौरीगणपतीतल्या नाचगाण्यात, सदूशाहिरांच्या मागे झील धरण्यापासून. शाहीर ओळ म्हणतो, मागचे ती उचलून पुन्हा म्हणतात, ती झील. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, सवालजवाबात कायम समोरासमोर. सदूशाहीर शक्तीवाले. एका गौरीगणपतीत समोरच्या तुरेवाल्यांच्या शाहिराचा घसा बसला, आणि महिपत त्यांच्याकडून गायला उभा राहिला. शक्तीवाल्याने तुऱ्याकडून गाणं म्हणजे घरजावयाने दुसरं सासर करण्यासारखं. सदूशाहिरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

महिपत थांबला नाही. लग्नाच्या बँडबरोबर हातगाडीवरच्या कर्ण्यातून त्याने सिनेमाची गाणी म्हटली. ऑर्केस्ट्रात गेला, तर पहिल्याच कार्यक्रमाला कोल्हापूरच्या गायिकेची एसटी चुकली. तेव्हा युगुलगीतांत नायक आणि नायिका या दोन्ही बाजू त्याने एकट्याने सांभाळल्या. वन्समोअर नायिकेला मिळाला. शनिवारी भजन होतंच. मुंबईच्या चाकरमान्यांनी जाखडीची कॅसेट काढली, तिच्यात आवाज महिपतचा आणि वेष्टणावर फोटो गाणी लिहिणाऱ्याचा. बोर्डावर, हँडबिलावर, कॅसेटवर महिपत कायम 'आणि साथीदार' या नावाने प्रसिद्ध होता.

त्याने स्वतः रचलेला एक गण, म्हणजे जाखडीच्या सुरुवातीचं गणपतीचं गाणं, मात्र होता. तो वखारीत, करवत चालू असताना म्हणायचा; तिथे कुणाला ऐकू येत नसे. सत्काराला हा गण एकट्याने, आपल्या नावाने म्हणायचा, एवढंच त्याने मनाशी धरलं. मंडळाच्या चिटणिसांना तसं सांगायला गेला, तर ते मायेने म्हणाले, "गाणं तुमचं रोजचंच आहे, महिपतराव. त्या दिवशी आम्हांला तुमच्याविषयी बोलू द्या."

घरी येऊन त्याने बायकोला, राहीला सांगितलं की आपल्याला शेवटी दोन शब्द बोलायला देणार आहेत.

"मग बोला दोन."

"मी गण म्हणणार."

राहीचा भाकरीवरचा हात थांबला. जाखडीचा कायदा तिलाही ठाऊक होता. गण एकदा सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही. शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि शाहिराचं नाव पडलं की मगच तो पुरा झाला. तोवर समोर कितीही मोठा माणूस असो, त्याने गप्प राहायचं.

"आणि गुरू म्हणून नाव कोणाचं घालणार?" तिने विचारलं. "सदूशाहिरांचं घातलंत तर तुरेवाले उठतील. त्यांचं घातलंत तर शाहीर उठतील."

"दोघांचं घालीन."

"तसं कोण घालतं काय?"

"नाय घालत," महिपत म्हणाला आणि हात धुऊन पानावर बसला.

सत्काराला गर्दी चांगली झाली. बँडमास्तर बोलले, ऑर्केस्ट्राचे मालक बोलले, तुरेवाले बोलले. महिपत मूळचा आमचाच, हे प्रत्येकाने सिद्ध केलं. सदूशाहीर पहिल्या रांगेत होते. ते बोलायला उठले नाहीत, पण घरीही गेले नाहीत. अध्यक्षांना पुढे एका उद्घाटनाला जायचं होतं, त्यामुळे ते फक्त अर्धा तास बोलले. मग सत्कारमूर्तींनी थोडक्यात आटपावं अशी विनंती झाली.

महिपतने शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली. मागच्या रांगेतून त्याचा ढोलकीवाला रघू तांदळाच्या पोत्यात घातलेली ढोलकी घेऊन चालत आला. चिटणीस उठेपर्यंत थाप पडली होती आणि गणरायाचं नाव निघालं होतं. चिटणिसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलेल्या माणसाला गणपती मध्येच थांबवता येत नाही. अध्यक्षांनी हात जोडले आणि घड्याळ बाहीत सारलं.

पहिलं कडवं महिपतने शक्तीच्या चालीत म्हटलं. दुसरं तुऱ्याच्या. मग ठेका बदलला आणि तोच गण वरातीच्या चालीवर निघाला. पोरीबाळींनी माना डोलावल्या. मग त्याने आवाज चढवून कोल्हापूरच्या नायिकेलाही हजर केलं. कडव्यामागून कडवं येत होतं आणि शेवटचं काही येत नव्हतं. अध्यक्षांचं उद्घाटन त्यांच्यावाचून होऊन गेलं असावं.

सगळ्या चाली दाखवून झाल्यावर महिपत सावकाश पुढे आला.

"शक्तीच्या दारी, तुऱ्याच्या दारी, झील धरून मी शिकलो,
महिपत म्हणे गणराया आता माझ्याच नावानं गायलो."

झिलीची जागा आली. ती उचलायला मागे कुणी नव्हतं. आपलीच झील आपण धरायची नसते, त्यामुळे महिपत तसाच उभा राहिला. रघू ठेका सोडेना. चिटणीस टाळ्या वाजवायला निघाले, कुणीतरी त्यांचा हात दाबला. दोन्ही पक्षांना गुरू म्हणून एका ओळीत घातलेलं तुरेवाल्यांनी ऐकलं होतं आणि त्यांची तोंडं मिटलेली होती. राही बायकांच्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती.

महिपतने घसा खाकरला आणि तीच ओळ, तितक्याच जोरात, पुन्हा म्हटली. या वेळी नजर मात्र पहिल्या रांगेवर ठेवली. गरज पडली असती तर तो ती रात्रभर म्हणाला असता, आणि हे समोरच्याला दिसत होतं.

सदूशाहिरांनी काठी खुर्चीला टेकवली. आवाज पार फाटलेला, सूर खाली उतरलेला. "महिपत म्हणे..." असं म्हणत त्यांनी बसल्या जागेवरून झील धरली.