आबांचं चुलाण आणि दिल्लीचे साहेब

आमच्या स्टाफरूममध्ये जुनी माणसं एकत्र बसली की थोड्या वेळात गुऱ्हाळाच्या प्रोजेक्टचा विषय निघतोच. त्या प्रोजेक्टवर पेपर किती छापले ते कुणाला आठवत नाही, किस्से मात्र सगळ्यांना पाठ. नवीन लेक्चरर आला की आधी किस्से ऐकायचे आणि मग चहा, असा आमच्याकडे रिवाजच पडलाय. मी तर कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सांगायला लागलो की अजून अंगात तोच जोर येतो बघा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तोवर दिल्लीहून आलं तर इन्स्पेक्शनचं पत्र यायचं. आणि एक दिवस फॅक्स आला, प्रोजेक्ट मंजूर! आमचे एचओडी चौगुले सर एरवी इतके शांत, की मागच्या बाकावर आवाज पोचायचा नाही. त्या दिवशी फॅक्सचा कागद हातात धरून कॉरिडॉरमधून पळत होते.

विषय होता गुऱ्हाळाचं सुधारित चुलाण. रस काढून उरलेलं चिपाड वाळवायचं, तेच चुलाणात जाळायचं आणि वर काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, गूळ शिजवायचा, ही आपली पिढीजात पद्धत. पण निम्मा जाळ धुराड्यातून आभाळात जातो. सरांचं म्हणणं, चुलाणाचा आकार बदलून हवा नीट खेळवली तर कमी चिपाडात तेवढाच गूळ निघेल.

जोतिबाच्या रस्त्याला शामराव आबांचं गुऱ्हाळ होतं. सरांच्या एका शब्दावर आबांनी ऐन हंगामाच्या तोंडावर आपलं चालतं चुलाण पाडून जागा करून दिली. सगळी भावकी हसत होती.

"सर," आबा म्हणाले, "नवं चाललं न्हाय तर माझा ऊस रानातच वाळंल. तेवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

सरांनी ते इतकं ध्यानात ठेवलं की त्यांची तब्येत उतरली.

* * *

दिल्लीला 'इंडस्ट्री पार्टनर'चं पत्र हवं होतं, तेही लेटरहेडवर. आबांना लेटरहेड म्हणजे काय हे समजावण्यात एक दुपार गेली.

"माझं नाव पंचक्रोशीत ठावं हाय की. वर आणि छापायचं कशाला?"

शेवटी ते आपल्या ओळखीच्या प्रेसमध्ये गेले. प्रेसवाला जन्मभर लग्नपत्रिका छापणारा. त्यानं मनापासून काम केलं. वर जोतिबाचं चित्र, बाजूनं आंब्याच्या पानांची वेलबुट्टी आणि सगळ्यात खाली सवयीनं, 'आगत्य येणेचे करावे, हेच आग्रहाचे आमंत्रण.'

परत छापायला वेळ नव्हता, तेच पत्र दिल्लीला गेलं. तिथं कुणीतरी मराठी जाणणारं असावं. कारण पुढच्या पत्रात दिल्लीनं कळवलं, आपल्या निमंत्रणानुसार आमचे तज्ज्ञ स्वतः येऊन चाचणी घेतील, आणि आकडे जुळले नाहीत तर प्रोजेक्ट तिथंच बंद होईल.

आबा खूश झाले. "बघा, बोलावल्यावर येत्यात माणसं."

* * *

चुलाणाला बिडाची जाळी लागणार होती. शिरोलीतले फाउंड्रीवाले माने म्हणाले, कॉलेजचं काम आहे, मी ओतून देतो. आमच्या कांबळे मॅडमनी ड्रॉइंग केलं, दोन दांड्यांमधली फट अगदी हिशेबानं ठेवली. सगळी मापं-वजनं त्यांच्याकडं असायची, आणि जिभेला धार होती.

जाळी आली, चुलाण पेटवलं आणि धूर सगळा आत कोंडला. काहील दिसेना, काहिलीपलीकडचा माणूस दिसेना. सगळे डोळे चोळत बाहेर. मॅडमनी जाळी मोजली. दांडे जाड, फटी जवळजवळ गायब!

"माने, ड्रॉइंग बघितलं होतं का?"

"बघितलं की. पर म्हटलं, कॉलेजचं काम हाय, हात आखडता कशाला घ्या? चार घास जास्तच ओतलं."

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी वर म्हणाले, "धूर ऱ्हाऊ दे मॅडम, जाळी बघा की कशी झालीया."

बिचाऱ्यांनी पुढच्याच आठवड्यात नवी ओतून दिली. पहिली जाळी आबांनी गोठ्याच्या मोरीवर टाकली. ती अजून झिजलेली नाही.

* * *

नव्या जाळीवर जाळ सुरेख धरला. पण चिपाडाचं वजन काही कमी लागेना. गंमत म्हणजे सर ज्या दिवशी गुऱ्हाळावर असायचे त्या दिवशी जास्त लागायचं, आणि सर येऊ शकले नाहीत की कमी! सरांनी वाऱ्याची दिशा तपासली, चिपाडाची ओल तपासली. मॅडमनी चिपाड घालणाऱ्या भैरूला तपासलं.

"भैरू, सर आले की चार कवळे चिपाड जास्त का घालतोस?"

"आता मॅडम, सर एवढ्या लांबनं जाळ बघाय आल्यात, आन मी मिणमिणता जाळ दावू? माझी काय शोभा ऱ्हाईल?"

मग ठरलं, टेस्टिंग चालू असताना सरांनी समोर यायचंच नाही. एवढे पीएचडी झालेले सर उसाच्या मोळ्यांमागे लपून बसले. थोड्या वेळानं भैरू रसाचा तांब्या घेऊन हजर.

"सर, हितं का बसलाय ओ? चला म्होरं, जाळ दावतो."

भैरूला समजावायला निम्मा हंगाम गेला. पण समजल्यावर असा चालला म्हणता! शेडच्या बाजूला चिपाडाचा ढीग उरायला लागला. आबा येता-जाता त्या ढिगावर हात फिरवायचे. भावकीतले हसणारे आता काही ना काही निमित्त काढून चुलाणात डोकावून जायला लागले. सरांनी त्या आनंदात आम्हा सगळ्यांना मिसळ खायला घातली.

* * *

आणि मग गूळ कमी भरायला लागला.

लेक्चर्समुळं आम्हाला रविवारच मोकळा, म्हणून चाचण्या रविवारी. काहिलीत रस पुरेपूर, जाळ चांगला, तरी साच्यातून निघालेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, वजनाला कमीच. सर खचले. काहिलीला भोक आहे का बघितलं, काटा दुरुस्त करून आणला, गणित पहिल्यापासून केलं. आबांचा चेहरा बघवत नव्हता. चिपाड वाचलं आणि गूळ गेला, मग काय उपयोग?

शेवटी मॅडमनी शेडच्या दारात खुर्ची टाकली आणि दिवसभर नुसत्या बघत बसल्या.

रविवार हा जोतिबाचा वार. डोंगरावरनं दर्शन घेऊन उतरलेली माणसं, गुलालानं माखलेली, रस्त्यावरनं थेट आबांच्या गुऱ्हाळात शिरत होती. कुणी रस पीत होतं, कुणी उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेत होतं, पोरांच्या हातात एकेक खडा, म्हातारीच्या पदरात आणखी एक. आणि वाटणारे स्वतः आबा!

सर कळवळून म्हणाले, "आबा, अहो हा आपल्या रिझल्टमधला गूळ आहे."

"असंल की. पर दारात आलेल्या माणसाला रिझल्ट दावून परत लावू व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "मग एक करू. प्रत्येकाला येताना काट्यावर उभं करू आणि जाताना परत करू."

आबांनी त्यावर खरोखर विचार केला. "बायामाणसं न्हाई उभी ऱ्हायची," म्हणाले.

* * *

दिल्लीचे साहेब आले, तेही रविवारीच. सफारी, ब्रीफकेस आणि चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. रस पुढं केला, "नहीं." चहा, "नहीं." पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. सरकारी कामात कुणाचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. चाचणीपेक्षा त्यांना या नियमाचाच धसका जास्त.

आम्ही जय्यत तयारी केली होती. जोतिबाहून येणारी माणसं त्या दिवशी शेजारच्या गुऱ्हाळाकडं वळवली होती. दाराला दोर बांधला होता. भैरूनं हात आवरून चिपाड घातलं. आबांनी जोतिबाची शपथ घेतली होती, आज एक खडा कुणाला देणार नाही.

काय जाळ धरला त्या दिवशी! ढीगभर चिपाड उरलं. साहेबांनी स्वतः वजन केलं, पुन्हा केलं, आणि पहिल्यांदा त्यांची मान हलली. सरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

रवे थंड होऊन साच्यातून निघाले. साहेबांनी साचे मोजून ठेवले होते. एकेक रवा काट्यावर चढला. शेवटचा उतरला आणि साहेब थांबले.

"एक कम है."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सर खाली बघत होते. मॅडमनी भैरूकडं बघितलं, भैरूनं माझ्याकडं. हंगामभराची मेहनत, आबांचं पाडलेलं चुलाण, सगळं त्या एका रव्यावर अडलेलं.

"कहाँ गया?" साहेबांनी विचारलं.

आबा पुढं आले. "कुठं गेला न्हाय साहेब. तुमच्या गाडीत हाय."

"मेरी गाडी में?"

"डिकीत ठेवलाय. तुमच्या डायवरनंच उघडून दिली." भाड्याची गाडी, ड्रायव्हर इथल्याच उचगावचा. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सर आबांकडं वळले.

"आबा, शपथ घेतली होती ना?"

"खड्याची घेतलीती सर. पावणं दिल्लीसनं आल्यात, पयल्यांदा. पाणी बी घेतलं न्हाई आपलं. मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं?"

मॅडमनी हे सगळं साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेब गाडीपाशी गेले. डिकी उघडली. पांढऱ्या फडक्यात नीट बांधलेला रवा, वर हळदीकुंकवाचं बोट. त्यांनी तो भैरूला उचलायला लावला, शेडमध्ये आणला, काट्यावर ठेवला, वाकून काटा बघितला. पेनाचं टोपण काढलं, आकडा लिहिला, खाली सही केली आणि कागद सरांच्या हातात दिला.

मग भैरूकडं वळून म्हणाले, "अब जहाँ से निकाला था, वहीं रख दो."