ड्रॉवरमधली नोटीस

मॅडमना मी खरं तर ओळखतच नव्हतो. त्या आमच्या परदेशी कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख, मी त्यांचा टपाल घेणारा कारकून. अकरा वर्षांत त्यांना मुलं किती, हेही मी कधी विचारलं नाही.

एकदा कोर्टाची नोटीस माझ्या ड्रॉवरमध्ये बारा दिवस राहून गेली आणि उत्तराची मुदत टळली. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर जाब विचारला. मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नोटीस माझ्याच टेबलावर होती." मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. त्यांची खुर्ची गेली, माझी नोकरी राहिली.

शेवटच्या दिवशी माफी मागायचीच म्हणून केबिनमध्ये गेलो. त्या खोक्यात पुस्तकं भरत होत्या.

"काय काका, टपाल आलंय का काही?"

"नाही, मॅडम."

"मग आज तरी वेळेवर घरी जा."

"हो, मॅडम."